सह्याद्रीच्या कड्यावरून चालताना: ज्वालामुखीचं तोंड नेमकं आहे कुठे?

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली डोकावलं की मुंबईहून आलेल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच, "दादा, हे ज्वालामुखीचं तोंड होतं ना?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. सह्याद्री लाव्हाचा बनलाय हे शाळेत शिकलेलं असतं. समोर अर्धवर्तुळात आत वळलेला, वरच्यापेक्षा मध्ये जास्त खोल गेलेला कडा असतो. खाली बेलपाड्याकडचं रान जवळपास हजार मीटर खोल दिसतं, आणि पावसाळ्यात दरीतून ढग असे वर येतात की वाफच निघतेय असं वाटावं. इतकं सगळं एका जागी पाहिल्यावर विवर आठवणारच. बरेच लीडरही "हो" म्हणून मोकळे होतात.

पण उत्तर "नाही" असं आहे. कोकणकडा विवराचा काठ नाही. माथेरानचे पॉइंट, नाणेघाट, ड्यूक्स नोज, भीमाशंकरची धार, यातलं काहीही विवराचा काठ नाही. आपण ज्या कडांवरून चालतो ती लाव्हाच्या थरांची कापलेली बाजू आहे, आणि ती कापलीय पाण्याने. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो एकदा समजला की कड्यात काय पाहायचं ते कळतं आणि पाय कुठे ठेवायचा नाही तेही कळतं.

आधी खरा काठ कसा असतो ते बघू. ज्वालामुखीच्या डोक्यावर दोन प्रकारचे खड्डे असतात. पहिला साधा, म्हणजे विवर. आतून वायू, राख आणि दगड जोराने बाहेर पडतात, तोंडाभोवती त्यांचा ढीग साचत जातो आणि मध्ये खड्डा उरतो. हा सहसा काहीशे मीटर रुंद, फार तर एखादा किलोमीटर. दुसरा प्रकार कॅल्डेरा. डोंगराच्या पोटात शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, साठा असतो. मोठ्या उद्रेकात तो साठा झपाट्याने रिकामा झाला की वरच्या खडकाला खालून आधार राहत नाही, आणि डोंगराचा अख्खा माथा खाली बसतो. उरतो तो कित्येक किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा आणि त्याच्या भोवतीची उभी कड. जगातल्या ज्या पायवाटा 'ज्वालामुखीच्या काठावरच्या' म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यातल्या बऱ्याचशा कॅल्डेराच्या कडेने जातात.

बालीला जाऊन आलेल्यांनी हे पाहिलंय, अनेकदा नकळत. किंतामणीला बस थांबते, समोर बातूर डोंगर आणि शेजारी तळं दिसतं, सगळे फोटो काढतात. ज्या रस्त्यावर आपण उभे असतो तोच कॅल्डेराचा काठ आहे. हा खड्डा साधारण १३ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद आहे. एवढा मोठा असल्यामुळेच तो खड्डा आहे हे लक्षात येत नाही. समोरचा १,७१७ मीटर उंचीचा बातूर हा त्या खड्ड्याच्या आत नंतर वर आलेला नवा ज्वालामुखी. १९२६ च्या उद्रेकात त्याच्या पायथ्याचं गाव आणि देऊळ लाव्हाखाली गेलं, तेव्हा लोकांनी दोन्ही पुन्हा उभारलं ते वर काठावर.

माथा खाली बसणं ही फक्त प्राचीन काळची गोष्ट नाही. हवाईमधल्या किलाउएया ज्वालामुखीवर २०१८ मध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. मे महिन्यात लाव्हा शिखरापासून दूर, पूर्वेच्या उतारावर भेगांतून बाहेर पडायला लागला आणि तिथली सातशेवर घरं गेली. तिकडे साठा रिकामा होत गेला तसा इकडे शिखरावरचा तळ टप्प्याटप्प्याने खचत गेला आणि ऑगस्टपर्यंत काही भागात जवळपास ५०० मीटर खोल गेला. काठाजवळच्या जुन्या रस्त्याचा एक भागही त्यात कोसळला. लाव्हा बाहेर पडला एकीकडे आणि जमीन बसली दुसरीकडे, यावरून कॅल्डेरा कसा होतो ते सगळ्यात चांगलं कळतं.

आपल्या देशात असं काही आहे का? आहे, अंदमानच्या बॅरन बेटावर. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याच्या उद्रेकाची जुनी नोंद १७८७ ची आहे, मग दीर्घ शांतता, आणि १९९१ पासून तो अधूनमधून पुन्हा जागा होतो. बेटाची बाहेरची गोल भिंत म्हणजे जुन्या कॅल्डेराची कड आणि आत नवा शंकू. मात्र तिथे पर्यटकांना उतरून चालता येत नाही. बोटीतून लांबून बघायचं, एवढंच.

आता सह्याद्री. इथला लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून आलाच नाही. तो आला जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. हा लाव्हा बेसॉल्ट जातीचा, म्हणजे आपला काळा कातळ. बेसॉल्टच्या रसात सिलिका कमी असते, त्यामुळे तो पातळ असतो. ११०० ते १२०० अंश सेल्सियसला बाहेर पडतो, त्यातला वायू सहज सुटून जातो आणि रस तोंडाशी साचून डोंगर उभा करण्याऐवजी सपाट पसरत लांब जातो. दाट, चिकट रस असेल तर तो तोंडातच अडकतो, वायू कोंडतो, मग स्फोट होतो आणि शंकू उभा राहतो. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी आणि महाराष्ट्राचं पठार यांत एवढा फरक दिसतो, त्याचं निम्मं उत्तर रसाच्या दाटपणात आहे.

भेगेतून होणारा उद्रेक माणसांनी पाहिलेला आहे. आइसलँडमध्ये १७८३ च्या जूनमध्ये लाकी नावाच्या जागी सुमारे २७ किलोमीटर लांब भेग उघडली आणि आठ महिने तिच्यातून लाव्हा वाहत राहिला, साधारण १५ घन किलोमीटर. त्यातून निघालेल्या गंधकाच्या वायूंनी युरोपभर धुरकं पसरलं. आइसलँडमध्ये गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशाच्या लोकसंख्येचा जवळपास पाचवा भाग दगावला. दख्खनचे उद्रेक याच जातीचे, पण आकार कल्पनेपलीकडचा. आज शिल्लक असलेला लाव्हाच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. घाटमाथ्याजवळ त्याची जाडी काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते, आणि पूर्वेला नागपूरकडे जाता जाता पातळ होत संपते. काही प्रवाह तर हजारेक किलोमीटर दूर, आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले.

हे घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा आपला भूखंड आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून अतितप्त खडक वर येण्याची एक जागा त्याच्या खाली आली आणि कवच फाटलं. ती जागा आजही हिंदी महासागरात जिवंत आहे. रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी तिच्यावरच बसलाय आणि वारंवार फुटतो. आपण पुढे निघून आलो, ती मागे राहिली. याच सुमाराला मेक्सिकोत चिक्शुलुब इथे मोठा अशनी आदळला. डायनोसॉर संपले त्यात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या वायूंचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे.

भेगा मात्र पूर्ण नाहीशा झालेल्या नाहीत. शेवटी शेवटी जो रस भेगेतच थिजला, त्याच्या उभ्या भिंती झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. नाशिक-पुण्याकडे आणि कोकण किनाऱ्याला समांतर अशा त्यांच्या रांगाच्या रांगा सापडतात. माळावर मधूनच एक सरळ, काळी, दगड रचल्यासारखी अरुंद ओळ लांबवर गेलेली दिसली तर थांबून बघा. ज्वालामुखीचं तोंड म्हणून दाखवता येईल असं आपल्याकडे जे काही आहे, ते हेच.

दोन गैरसमज इथेच आटोपतो. बुलढाण्याचं लोणार सरोवर ज्वालामुखीने झालेलं नाही. बेसॉल्टमध्ये पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा अशनीच्या आघाताचा आहे, आणि प्रचंड दाबानेच तयार होणारी खनिजकाच तिथे सापडल्यावर तो वाद मिटला. आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं म्हणजे खाली लाव्हा उकळतोय असंही नाही. पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

आता प्रत्यक्ष कड्याकडे. यासाठी मुंबईकराला माथेरानइतकी सोयीची जागा नाही. नेरळला उतरायचं, दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे गाड्या बंद. सुमारे ८०० मीटर उंचीचं हे सपाट माथ्याचं पठार चारी बाजूंनी तुटलेलं आहे आणि त्याच्या कडेने पॉइंटमागून पॉइंट आहेत. उत्तरेला पॅनोरमा, पश्चिमेला सनसेट म्हणून ओळखला जाणारा पॉर्क्युपाइन आणि लुईझा, दक्षिणेला वन ट्री हिल आणि चौक, पूर्वेला अलेक्झांडर आणि गार्बट. काठाकाठाने फिरण्याची इच्छा इथे पुरेपूर भागते. बहुतेक लोक पॉइंटवर जाऊन लांबची दरी बघतात आणि परततात. माझी विनंती आहे की शेजारच्या पॉइंटचा कडा बघा. म्हणजे लुईझावर उभं राहिलात तर डावी-उजवीकडचा माथेरानचाच कडा आडवा दिसतो, तो.

त्यात आडवे पट्टे दिसतील. एक उभा काळा कातळ, त्याखाली थोडा तिरका भाग, त्यावर गवत आणि झुडपं, मग पुन्हा उभा कातळ. प्रत्येक जोडी म्हणजे साधारणपणे एक लाव्हा प्रवाह. प्रवाह पसरला की त्याचा मधला भाग सावकाश थंड होतो, त्यात पोकळ्या राहत नाहीत, दगड घट्ट होतो. हाच उभा कडा होऊन टिकतो. वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे वर येऊन अडकतात, त्यामुळे तिथला दगड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. पावसात तोच आधी झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमावर माती साचते, मातीत झाडं येतात. ट्रेकर ज्याला पदर म्हणतात, डोंगराच्या कमरेला असलेली ती झाडीची सपाटी, तिच्या जन्माचं कारण बहुतेक ठिकाणी हेच. कडा चढायला अवघड आणि पदरात विहीर, झरा, वाडी, शेताचे तुकडे. सह्याद्रीत माणसं कुठे राहतात आणि कुठे राहू शकत नाहीत, हे लाव्हाच्या थरांनी ठरवलंय.

हा सच्छिद्र दगड हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. वाटेतल्या एखाद्या फुटलेल्या धोंड्याशी वाका. काळसर-करड्या दगडात मसुराच्या दाण्यापासून सुपारीएवढ्या पोकळ्या दिसतील, आणि त्यातल्या बऱ्याच पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतील. लाव्हा थंड झाल्यावर खूप नंतर, भेगांतून झिरपणाऱ्या गरम पाण्याने ही खनिजं आणून भरली. पांढरी, कधी सुयांच्या जुडग्यासारखी दिसणारी असतात ती झिओलाइट. काचेसारखी असते ती गारगोटी. पट्ट्यापट्ट्यांची असते तो अकीक. पुण्या-नाशिककडची अशी खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बघा, फोटो काढा आणि दगड तिथेच ठेवा.

दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल रंगाची पट्टी असते, हातभर ते दोन-तीन हात जाडीची. घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजूला ती स्वच्छ दिसते. खालचा प्रवाह थंड होऊन बराच काळ उघडा पडला, झिजला, त्याची माती झाली, आणि मग वरून पुढचा प्रवाह आला, अशी ती कहाणी. म्हणजे ही पट्टी उद्रेकाची नसून दोन उद्रेकांमधल्या शांततेची आहे. अलीकडे तिचं महत्त्व फार वाढलंय. या लाल थरांत ज्वालामुखीय राखेसोबत आलेले झिर्कॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक सापडतात, आणि त्यांतल्या युरेनियमचं शिशात रूपांतर किती झालं ते मोजून त्यांचं वय काढता येतं. २०१९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दोन वेगळ्या पद्धतींनी वयं काढली, आणि लाव्हाचा बहुतेक साठा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळातच बाहेर पडला असं दिसलं. भूशास्त्राच्या हिशेबात हे फार घाईचं काम.

शांततेचा आणखी एक पुरावा खुद्द मुंबईत सापडला. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये गाळाचा एक थर आहे, आणि त्यात लहान बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ मध्ये ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. आज जिथे सी लिंक सुरू होतो त्या बाजूला कधीकाळी गोड्या पाण्याचं तळं होतं, त्यात बेडूक आणि कासवं होती, आणि पुढचा लाव्हा यायला अजून वेळ होता. मला स्वतःला सगळ्या दख्खनच्या गोष्टीत या तळ्याइतकं दुसरं काही जवळचं वाटत नाही.

कड्यात उभ्या भेगाही दिसतात. लाव्हा थंड होताना आकसतो, आणि उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला जशा पाच-सहा बाजूंच्या भेगा पडतात तशाच त्यालाही पडतात. फरक इतकाच की इथे त्या खोलवर उतरत जातात आणि दगडाचे उभे खांब तयार होतात. याचा सर्वांत ठसठशीत नमुना अंधेरीत आहे. गिल्बर्ट हिल, सुमारे ६० मीटर उंच, सगळी उभ्या खांबांची, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि पायथ्याशी इमारतींची गर्दी. तिच्या आजूबाजूचा खडक खाणीसाठी फोडून नेला गेला. जगात असे मोठे नमुने मोजके आहेत, आणि आपला तर मेट्रोने जाण्याइतका जवळ आहे. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी या आठवड्यात जाऊन यावं.

मग ही कड कापली कशी? उद्रेक होत असतानाच आणि त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर भूखंड ताणला जात होता. आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्यापासून याच काळात सुटला. ताण पडला तसे किनाऱ्याजवळचे थर पश्चिमेकडे वाकले. पनवेलच्या आसपासून उत्तर-दक्षिण जाणारी ही वाकलेली पट्टी भूशास्त्रात पनवेलच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून घाटमाथ्यावरचे थर जवळजवळ सपाट आहेत आणि मुंबईतले थर समुद्राकडे कललेले. ते तसेच पुढे समुद्रतळाखाली गेलेत.

पश्चिमेची बाजू अशी खाली गेल्यावर पाण्याचं काम सुरू झालं. कोकणात उतरणाऱ्या नद्यांना थोड्याच अंतरात प्रचंड उंची उतरायची असते, आणि पावसाळ्यात हजारो मिलीमीटर पाऊस त्याच बाजूला आदळतो. या नद्या मागे, म्हणजे पूर्वेकडे, डोंगर खात गेल्या. कडा मूळ जागेवरून हळूहळू मागे सरकत आज आहे तिथे आला. माथेरान आणि प्रबळगड हे या मागे हटण्यात वेगळे पडून उरलेले तुकडे आहेत. लुईझावरून प्रबळकडे पाहिलं की दोन्हीकडचे आडवे पट्टे नजरेने जुळवता येतात. मधला सगळा डोंगर नद्या-ओढ्यांनी नेला. घाटमाथ्याच्या दुसऱ्या बाजूला चित्र उलटं. भीमाशंकरला उगम पावणाऱ्या भीमेपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण ती तिकडे वळत नाही. संथ उताराने पूर्वेला जात कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं.

कोकणकड्याचा गोल आकार यातूनच आला. माथ्यावरचं पाणी एका जागी गोळा होऊन खाली पडतं. कड्यातला ठिसूळ थर वरच्या घट्ट थरापेक्षा लवकर झिजतो. खालचा आधार गेला की वरचे उभे खांब भेगांवरून सुटतात आणि अख्खे शिलाखंड खाली येतात. हे तीन बाजूंनी होत राहिलं की कडा वाटीसारखा आत वळतो. जिथे एकच मोठी उभी भेग किंवा डाइक झिजतो, तिथे अरुंद खाच पडते. तीच आपली नाळ, जिच्यातल्या दगडधोंड्यांतून आपण घाटमाथ्यावर चढतो.

आणि म्हणूनच काठावर उभं राहण्याबद्दल कळकळीने सांगतो. कोकणकड्यासारख्या ठिकाणी तुम्ही ज्या दगडावर उभे असता त्याच्याखाली दगड असेलच असं नाही. तो पुढे आलेला असतो, आणि त्याच्यामागे एक उभी भेग असते, गवताने झाकलेली. कड्याला समांतर, पायाखालून गेलेली अशी चीर दिसली तर तिच्या आतल्या बाजूलाच राहा. डोकावायचंच असेल तर सॅक बाजूला ठेवून, पालथं झोपून, कुणीतरी पाय धरलेले असताना, आणि पावसाळ्यात तेही नको. ओलं शेवाळ चढलेला बेसॉल्ट पायाला धरत नाही. नाणेघाटात धबधबा उलटा वर उडताना सगळे कौतुकाने बघतात. दरीतून चढणारा जो वारा ते पाणी मागे फेकतो तोच माणसाचाही तोल घालवतो. नाळेत ग्रुप असेल तर वरच्याने दगड सुटू न देणं आणि सुटलाच तर मोठ्याने ओरडणं, याला पर्याय नाही.

जोराच्या पावसात पदरातून जाणाऱ्या वाटा टाळा. घट्ट कातळावर मुरूम आणि मातीचा जाड थर बसलेला असतो. दिवसचे दिवस पाणी मुरलं की माती जड होते, कातळावरची पकड सुटते आणि उतार एकदम खाली येतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी गेली. माथेरानच्या चौक पॉइंटकडून तो सुळका दिसतो. त्या वाडीतल्या लोकांनी कित्येक ट्रेकर्सना पाणी दिलं होतं, वाट दाखवली होती, चुलीवरचा चहा पाजला होता. आपल्यासाठी हा कडा एका रविवारचा असतो. पदरातल्या वाड्यांचा तो बारमाही शेजारी आहे, आणि तिथल्या माणसाने "आज जाऊ नका" म्हटलं तर तिथूनच मागे फिरावं.

जिवंत ज्वालामुखीच्या काठावर, समजा बालीत किंवा हवाईत गेलात, तर धोके वेगळे. तिथे मुख्य भीती गंधकाच्या वायूची. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांना नेणाऱ्यांनी वारा कुठून येतोय ते आधी बघायचं, आणि तिथल्या यंत्रणेने बंद केलेल्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. वाट बंद करण्यामागे बहुतेक वेळा यंत्रांनी टिपलेले हादरे असतात, जे आपल्याला जाणवत नाहीत.

थरांची ओळख आणखी पुढे न्यायची असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. १९८० च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी दगडांच्या रासायनिक घटकांवरून सह्याद्रीच्या लाव्हाचे गट पाडले आणि त्यांना जागांची नावं दिली. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि पुढे दक्षिणेत पन्हाळा व देसूर. अर्ध्याहून अधिक नावं मुंबईकराला टाइमटेबलवरून किंवा ट्रेकवरून तोंडपाठ आहेत. हे थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले आहेत, त्यामुळे इगतपुरीकडून महाबळेश्वरकडे जाता जाता आपण जुन्या लाव्हावरून नव्या लाव्हावर चढत जातो. काही गटांच्या शेवटी एक खास दगड येतो. त्यात फेल्डस्पार या खनिजाचे बोटभर लांब, पांढुरके स्फटिक काळ्या दगडात वेडेवाकडे रुतलेले असतात, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. यातल्या एका थराला कर्जतजवळच्या कशेळ्याचं नाव आहे, आणि एकाला बोरघाटातल्या मंकी हिलचं.

पट्टे वाचायला सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात सगळं हिरवं आणि धुक्यात असतं. धबधबे मात्र कुठे आपटून पुन्हा उडतात ते बघितलं तर टप्पे तेव्हाही मोजता येतात. थंडीत गवत पिवळं पडतं आणि काळ्या कातळांच्या मध्ये त्याच्या रेघा उठून दिसतात. पूर्वेच्या कड्यांवर सकाळी नऊपर्यंत आणि पश्चिमेच्या कड्यांवर दुपारी चारनंतर तिरपं ऊन असतं, म्हणून माथेरानला सकाळी अलेक्झांडर-गार्बटची बाजू करावी आणि लुईझा संध्याकाळसाठी ठेवावं. छोटी दुर्बीण असेल तर न्या. कड्यातली लाल पट्टी साध्या डोळ्यांना बहुधा निसटते, दुर्बिणीतून लगेच सापडते.